दोन सरळ रेषा आणि एक टोपली बोंबील

सातिवलीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात मासे सुकवायचं यंत्र बनत होतं, तेव्हा मालकांनी मला हीटर दिला आणि माझ्या सहकाऱ्याला पंखा. आतलं तापमान मी सांभाळायचं, दमटपणा त्याने. कारण तांत्रिक नव्हतं. आमचं दोघांचं पटत नव्हतं आणि मालकांना शांतता प्रिय होती.

मी त्याचा पंखा एकाच वेगावर ठेवून माझी चाचणी घेतली. तापमानाची रेष इतकी सरळ आली, की फ्रेम करून भिंतीवर लावावी. त्यानेही माझा हीटर तसाच बांधून ठेवून दमटपणाची रेष सरळ काढली. दोघांनी आपापल्या कागदावर सह्या केल्या. दोन्ही एकत्र चालवून पाहायचं तेवढं राहिलं, कारण त्या कामाचा कागदच नव्हता.

पहिली टोपली पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या एका मावशींनी दिली. मेचे शेवटचे दिवस, आभाळ भरून येत होतं, होड्या किनाऱ्यावर ओढायची वेळ जवळ आलेली. पावसाळ्यात घरात खायला ठेवायचे हे त्यांचे बोंबील.

त्यांच्या अंगणात यंत्र सुरू झालं. दमटपणा वाढला म्हणून त्याचा पंखा जोरात फिरला. गरम हवा बाहेर गेली म्हणून माझा हीटर पेटला. हवा कोरडी झाली तसा पंखा मंदावला, उष्णता आत कोंडली, हीटर बंद झाला, आणि हवा गार होताच दमटपणा परत वर. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. आम्ही आपापल्या पडद्याकडे बघत एकमेकांच्या नावाने बोटं मोडत होतो. दुपारी झाकण उघडलं तर अर्धे बोंबील शिजलेले, अर्धे ओलेच.

आम्ही तत्परतेने आपापले जुने आलेख पुढे केले. मावशींनी दोन्ही कागद नीट पाहिले.

"तुमचा दोगांचा बरोबर, मंग माजे बोंबील कोनी नासवले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलेजच्या चार वर्षांत इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रथमच एका टेबलाशी बसलो. पंखा वाढणार असेल तर हीटरला आधीच कळेल, हीटर वाढणार असेल तर पंख्याला, असा दोघांचा मिळून एकच प्रोग्रॅम लिहिला. कागदही एकच होता, त्यामुळे आधी सही कुणाची यावर अर्धा तास गेला.

यंत्र परत पाचूबंदरला नेलं, तर मावशींनी एकच बोंबील हातात ठेवला. "ह्यो सुकवून दाखवा. टोपली मंग बगू."

एका बोंबलाने दमटपणा काय वाढणार, हे सांगायला सहकाऱ्याने तोंड उघडलं. मी त्याचा पाय दाबला.

बोंबील सुकला. मावशींनी तो मोडून पाहिला, हुंगला, "बरा हाय" म्हणाल्या आणि नवी टोपली आणली. अर्धी आम्हाला दिली, अर्धी नेहमीसारखी बांबूंवर टांगली.

पाऊस येण्याआधी त्यांनी दोन्हीकडचे बोंबील एकाच डब्यात भरले. त्यातले आमचे कुठले, हे विचारायची छाती दोघांचीही झाली नाही.