लाइन तुटली की

लातूरला क्लाससाठी आलेल्या पोरांकरता मी नेटवर रेडिओ काढायचा ठरवला, तेव्हा वेबसाइट करायला एक जण यायचा. बसण्याआधी फरशीला तळहात लावून बघायचा. पंखा थरथरला तरी "न्हाई, न्हाई" पुटपुटायचा. मला हसू यायचं. मी तरी कुठली शहाणी! भूकंपाच्या पहाटे बाहेर पळाले आणि रेडिओ आणायला परत घरात शिरले होते.

सुरू करायच्या आदल्या दिवशी चाचणीत नेटची लाइन तुटली आणि स्पीकरमधून बाईचा आवाज आला, "उठ रे बेटा, बाहर आ."

कळायच्या आत आम्ही दोघं अंगणात होतो.

"कोण रे ही?"

"अम्मी. भूकंपाच्या आधीची टेप हाय. रोज अशीच उठवायची. लाइन तुटली की हेच वाजंल, असं म्याच लावून ठेवलं." मग खाली बघत म्हणाला, "काढून टाकू का, आजी?"

"त्या पहाटेही उठवलं होतं?"

"हाव. मी तेवढा आलो भाईर."

त्यानं अंगणात तळहात टेकवला. आत लाइन जोडली गेली, गाणं सुरू झालं. टेप मात्र थांबली नव्हती; गाण्याखालून ती हाका मारतच होती.

"राहू दे," मी म्हणाले. या वेळी काहीही आणायला मी आत गेले नाही.