चौथा ठोका

मी साउंडचा माणूस. आवाज आला म्हणजे कुठेतरी वायर जोडलेली आहे, आणि नाही आला म्हणजे फ्यूज उडालाय — माझी श्रद्धा एवढ्यावरच. अंगात येणं, नजर लागणं, चकवा... असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलोय. इथले अनुभव वाचूनही हसतो, खोटं कशाला सांगू! तरी आज लिहायला बसलोय, कारण एका सकाळचं कोडं मला अजून सुटलेलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही सुरतला, लिंबायतमध्ये राहायचो. मूळचे शिंदखेड्याकडचे, घरात अहिराणी, बाहेर गुजराती नाहीतर हिंदी. चाळीतली जवळपास सगळी माणसं संच्यांवर, म्हणजे पॉवरलूमवर कामाला. माझे मोठे काका, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, तेही. पण लग्नसराई आली की नाना संचा सोडून गळ्यात ढोल घालायचे. सात जणांचा त्यांचा बँड होता. मी त्यातच शिकलो — आधी झांजा, मग साइड ड्रम.

नानांच्या हाताची एक खोड होती. चौथा ठोका ते किंचित उशिरा टाकायचे. अगदी किंचित... पण तेवढ्यात नाचणाऱ्याचा पाय हवेत राहायचा आणि मग असा धप्पकन पडायचा की विचारू नका. नवखे म्हणायचे, म्हातारा चुकतोय. आम्हाला ठाऊक होतं, ही संच्याची सवय. धोटा, म्हणजे संच्याचं शटल, जाऊन परत येईपर्यंत थांबायचं, हे तीस वर्षांत त्यांच्या हातात मुरलं होतं. संच्यांच्या खडखडाटात कानही जवळपास गेले होते. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं.

मला मात्र बँडच्या त्या लाल कोटाची लाज वाटायला लागली. नवरात्रीत गरब्याच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवला, मग दोन कॅसेट डेक आणि मिक्सर जमवून गणपतीत डीजे झालो. शेवटी एक सेकंडहँड कीबोर्ड हाती लागला. त्यात दोन सेकंदांचा कुठलाही आवाज भरून ठेवता यायचा. झालं! दिवसभर खोलीत बसून बीट बनवायचं वेडच लागलं. शेजारची मावशी करवादायची, "दिवसभर संचानी खटखट, अनी घर उनूत ते तुनी!" म्हणजे दिवसभर संच्याची खटखट, आणि घरी आलो तर तुझी.

एक दिवस नानांना समोर बसवलं. म्हटलं, एकच ठोका मारा, दणदणीत. त्यांनी मारला. तो भरून घेऊन मी अख्खा ताल रचला. मशीनने एकेक ठोका जागच्या जागी बसवला, चौथासुद्धा. मी जाम खूश. हेडफोन त्यांच्या कानांना लावला, आवाज पूर्ण वाढवला. नानांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हेडफोन काढून म्हणाले, "आवाज मना शे. पन हात मना नही." आवाज माझा, हात माझा नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांचा, दीडशहाणा. हळूच पुटपुटलो, "तुमची चूक सुधारली मी." वाटलं, ऐकू जाणार नाही. पण संच्यांवरची माणसं ओठ वाचतात, हे विसरलोच! नाना उठून गेले. त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी एक शब्द नाही. लग्नांच्या सुपाऱ्या माझ्याकडे यायला लागल्या, बँड मोडला, ढोल पलंगाखाली गेला. ज्यांनी मला ताल शिकवला ते समोरून येताना मान फिरवायचे. फार जीव तुटायचा. माफी मागायला गेलो की कानाकडे बोट करायचे — ऐकू येत नाही. आणि नजर दुसरीकडे, म्हणजे ओठ वाचायचा प्रश्नच नाही.

मग श्रावणात कानबाई आली. खानदेशातल्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो — रविवारी देवी बसते आणि सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत पाण्यावर नेतात. चाळीने ठरवलं, यंदा डीजे. मी नानांना बोलवायला गेलो, तर माझ्यादेखत काकूला म्हणाले, "मशीनवरच नाचनं शे ना? मंग मी बी मशीनवरच जास." आणि सोमवारी पहाटे खरंच सचिनला, सुरतबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत, कामावर निघून गेले.

सकाळचे दहा वाजले असतील. टेम्पोवर माझे चार स्पीकर, मागे जनरेटर, पुढे बायकांच्या डोक्यावर कानबाई. कॅनॉलच्या अलीकडे वळण आहे, तिथे जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा विझला. आमच्या भाऊबंदांत कानबाईला बिनवाजती नेणं म्हणजे घोर अपशकुन. बायका जागच्या जागी थांबल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात ढोल सुरू झाला.

मला वाटलं, आला करंट. दिवा बघितला — बंद. स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला... थरथर नाही, काही नाही. पण ढोल वाजत होता, लख्ख. मागून येतोय म्हणून मागे बघावं तर पुढून यायचा. एक, दोन, तीन... आणि चौथा, किंचित उशिरा. अंगावर सर्रकन काटा आला माझ्या! बायका कधीच नाचायला लागल्या होत्या. काकू धावत आली, "आरे, नाना कव्हय उनात?" नाना कधी आले? मी टेम्पोच्या टपावर चढून सगळी गर्दी पाहिली. एकाच्याही गळ्यात ढोल नव्हता. कानबाई पाण्यात उतरली आणि ढोल थांबला.

मित्र म्हणाले, दुसऱ्या मिरवणुकीचा असेल. नव्हती हो दुसरी मिरवणूक. आणि असती तरी तो हात मी ओळखणार नाही?

संध्याकाळी नाना परत आले तेव्हा मी त्यांच्या दारातच उभा होतो. घसा फोडून सगळं सांगितलं. अख्खी चाळ ऐकत होती. या खेपेला त्यांनी नजर हटवली नाही, माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग शांतपणे काकूला म्हणाले, दहाच्या सुमाराला लाईट गेली होती, संचे बंद होते, मी खोक्यावर ठोकत बसलो होतो. धाग्याच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर! शेजारच्या संच्यावरच्या माणसानेही पुढे मला हेच सांगितलं. आता लिंबायत कुठे, सचिन कुठे... मध्ये उधना, पांडेसरा, भेस्तान. पुठ्ठ्यावरची थाप तिथून इथे येते?

एवढी वर्षं आवाजाच्या धंद्यात काढली, पण याचं कारण मला सापडलेलं नाही. नानांनी तर ते कधी शोधलंच नाही. त्या संध्याकाळी मी रडत रडत म्हटलं, "नाना, चूक तुमची नव्हती, माझी होती." काकूने त्यांच्यापुढे रोट वाढला होता. कानबाईचा हा प्रसाद फक्त घरची माणसं खातात. नाना दोन वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

"तुनी वळखा का मना हात?"

मी मान हलवली. त्यांनी सरकून शेजारी जागा केली.

"मंग बठ. खाय."