स्टेज नको, टेबल द्या

आमचा वर्ग दुपारी भरतो, विक्रोळीला, चाळीच्या मागच्या खोलीत. सगळ्या साठीच्या पुढच्या बायका. शिकवायला येतात त्या बाई म्युन्सिपालटीच्या शाळेत शिकवतात. तिकडची शाळा सुटली की इकडे. वयाने माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. मी वर्गात मोड आलेले वाल घेऊन बसते, सोलता सोलता अक्षरं वाचते. रिकाम्या हातांनी बसायची मला सवयच नाही. पहिल्या दिवशी वाटलं, बाई ओरडतील. त्यांनी उलट पाटी माझ्या परातीला टेकवून उभी केली.

एक दिवस बाई आल्या त्या खुशीतच. शिकवणाऱ्यांची मोठी परिषद होती, अंधेरीला. तिथे त्यांना आमच्या वर्गाबद्दल सांगायला बोलावलं होतं. कसं सांगणार, ते त्यांनीच ठरवून कळवायचं होतं.

"एक तर हॉलमध्ये भाषण," बाई म्हणाल्या. "नाहीतर मोठा कागद करून भिंतीवर लावायचा, त्यावर तुमचे फोटो आणि माहिती. नाहीतर एक टेबल मिळतं. ज्याला ऐकायचंय तो येऊन बसतो."

"भिंतीवर फोटो?" माझी शेजारीण म्हणाली. "मग हार पण आणा बाई. जिवंतपणीच उरकून टाका."

सगळ्या हसल्या. बाईंना भाषण हवं होतं, ते दिसतच होतं. हॉलमध्ये मोठी माणसं बसणार, कोणीतरी दखल घेईल. इतकी वर्षं राबतायत, कोणी विचारलं नव्हतं. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही दोघी स्टेजवर येऊन दोन शब्द बोललात ना, तर झकास होईल."

मला जुनं एक स्टेज आठवलं. आमच्या ह्यांची मिल बंद पडली तेव्हा कोणीतरी साड्या वाटल्या होत्या. स्टेजवर उभं केलं, मान खाली घालून साडी घेतली, फोटो काढला. साडी दोन धुण्यांत विरली. फोटो मात्र त्यांच्या ऑफिसात कितीतरी दिवस लटकत होता. येणारा-जाणारा बघायचा. पोरं लहान होती, साडी हवीच होती. चालायचंच. पण परत तसं उभं राहायचं नव्हतं.

बाईंना म्हटलं, "तुमच्यासाठी मी कुठेही येईन. पण स्टेजवर माझं तोंड उघडणार नाही. टेबल घ्या. मी वाल घेऊन येते."

"टेबलाशी चारच माणसं आली तर, मावशी?"

"मग चौघांशी बोलू."

बाईंनी मोबाईल काढला आणि आमच्यासमोरच टेबल म्हणून कळवून टाकलं.

टेबल मिळालं ते जिन्याखाली. हॉलमधल्या टाळ्या ऐकू येत होत्या. आमच्याकडे कोणी फिरकेना. बाई सारख्या हॉलच्या दाराकडे बघायच्या. माझ्यापायी बाईंची वाट लागली, असं मला वाटलं.

"अगं, नुसती बसतेस काय?" शेजारीण म्हणाली. "सोल ना."

मी परात पुढे ओढली. तेवढ्यात मुलुंडच्या शाळेतली एक शिक्षिका चालली होती, ती थांबली. "बिरड्याचे वाल? आईची आठवण झाली." बसली आणि सोलायलाच लागली. ती बसली म्हणून आणखी दोघी बसल्या, मग एक सर. सरांच्या हातून वाल सटासट उडत होते. शेजारीण म्हणाली, "सर, जेवायला आहेत ते, नेम धरायला नाही."

मुलुंडवालीने विचारलं, "मावशी, या वयात शिकावंसं का वाटलं?"

हात चालू होते, म्हणून सांगितलं. ह्यांची मिल गेल्यावर मी पार्ल्यात घरोघर सोललेले वाल विकायची. दारावरची पाटी वाचता येत नव्हती, म्हणून दारं ओळखायची ती बाहेरच्या चपलांवरून. मग त्या बिल्डिंगी पाडल्या, टॉवर झाले. सगळी दारं सारखी, चपला आत. जुनी गिऱ्हाइकं तिथेच राहत होती, पण मला सापडेनात.

कोणी च्‌ च्‌ केलं नाही. सरांनी बाईंना विचारलं, "मग सुरुवात कशी केलीत?" बाई त्या जिन्याखाली इतक्या रंगून बोलल्या! आम्हाला जिने चढवून एकेका दाराची पाटी कशी वाचायला लावली, कोणत्या दारात आम्हाला चहा मिळाला, सगळं. त्याही सोलत होत्या. हॉल सुटला तरी टेबल उठलं नव्हतं. पण हॉलमधल्या मोठ्या माणसांपैकी कोणी इकडे आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या वालांचं बिरडं केलं. निम्मे वाल मोडलेले, पण चव तीच. डबा घेऊन घाटकोपरला बाईंच्या बिल्डिंगमध्ये गेले. त्यांच्या मजल्यावर चार दारं, बाहेर एकही चप्पल नाही. एकेक पाटी वाचत गेले. तिसरी बाईंची. बेल वाजवली.

"मावशी! एकट्या? घर कसं सापडलं?"

"पाटी आहे की दारावर," म्हटलं. "घ्या, गरम आहे तोवर जेवा."