माशीमास्तरांच्या माहेरवाशिणी

माशीमास्तर भांडल्याशिवाय पाण्यावर जात नसत. पुण्याहून आलेला पाहुणा लष्करातला असो की कोर्टातला, मुळशीच्या सरकारी बंगल्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्याची आणि मास्तरांची एकदा तरी जुंपलेली असे. कुणाचे बूट वाजत, कुणाच्या तोंडात सिगारेट असे, कुणी पांढराशुभ्र सदरा चढवून आलेला असे. "तुमी मासं धराया आलाय का वरातीला?" असं मास्तर त्याच्या तोंडावर विचारत. पाहुणा लालबुंद व्हायचा आणि मुकाट आत जाऊन सदरा बदलायचा. खोट्या माशीवर खडशी मासा लावून देणारा दुसरा माणूस सबंध जिल्ह्यात नाही, अशी मास्तरांची ख्याती होती. ती पसरवली होती मुख्यतः मास्तरांनीच.

नाव इस्माईल, घर पौडला. पण घरी ते क्वचितच सापडत. तरुणपणी एका गोऱ्या साहेबाची पेटी वाहता वाहता ते पिसांची माशी बांधायला शिकले. साहेब विलायतेला परत गेला, पेटी मास्तरांच्या पाठीवर राहिली. मग कधी मुठा खोरं, कधी पवना, कधी घाटमाथ्यावरचे ओढे अशी त्यांची वर्षभर फिरस्ती. पाहुण्याला पाणी दाखवायचं, बांबूच्या लवचिक काठीने दोरा कसा फेकायचा ते शिकवायचं, आणि चुकला की त्याचा उद्धार करायचा, हा त्यांचा धंदा. जाळं टाकून टोपलीभर मासे आणणाऱ्या गावाला हा धंदा म्हणजे शुद्ध वेडेपणा वाटे. म्हणून माशीमास्तर हे नाव चेष्टेने पडलं. जो नाकावर माशी बसू देत नाही त्यालाच हे नाव मिळावं, ही गावाची थट्टा मला अजूनही आवडते.

मी तेव्हा मुळशीच्या दवाखान्यात नर्स होते. बाळंतपणांसाठी वाड्यावस्त्यांवर पायपीट करावी लागे. आमची पहिली भेट ओढ्यात झाली आणि ती भेट नव्हतीच, भांडण होतं. मी घाईघाईने ओढा ओलांडत होते आणि वरच्या अंगाला त्यांचा पाहुणा गळ टाकून उभा होता.

"ओ बाई! म्हशीवानी पाण्यात काय शिरताय?" मास्तर ओरडले.

"बाळ तुमच्या माशासाठी खोळंबणार नाही," मीही तितक्याच जोराने ओरडले.

परत येताना पाहते तो काय, पाहुणा निघून गेलेला आणि मास्तर एकटेच दगडावर बसलेले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मुलगी झाली म्हटलं. "दोगी बऱ्या हायेत ना?" बऱ्या आहेत म्हटल्यावर त्यांनी पेटी उघडली आणि पिसांच्या पुडक्यांमधून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली. भांडण काही थांबलं नाही.

त्या पेटीत कोंबड्याच्या मानेची पिसं असत, मोराची असत, रेशमी दोरे आणि मेणाचा गोळा असे. बांधलेल्या प्रत्येक माशीला नाव होतं. एक नवरी होती, एक कारभारीण. पण मास्तरांची लाडकी म्हणजे सासू, काळी कुळकुळीत, गळ्याशी लाल दोरा. "हिला बगितली का मासा चिडतो. भुकेला मासा काय, कुनीबी धरील. आपुन चिडलेला धरायचा," असं ते सांगत. सासूवर दिवसच्या दिवस काही लागत नसे, तरी ते ती बदलत नसत. पाण्याचा दोष निघे, पाहुण्याचा निघे, आभाळाचा निघे; सासूचा कधीच नाही. माणसांच्या बाबतीतही त्यांचा हाच हट्ट होता. एकदा कुणी लाडकं झालं की त्यात खोट म्हणून नसायची. त्या हट्टानेच पुढे घात केला.

आषाढात मात्र मास्तर गळाला हात लावत नसत. पावसाने ओढे भरले की धरणाच्या पाण्यातल्या खडशीच्या माद्या अंडी घालायला वरच्या ओढ्यांत चढतात. मास्तर त्यांना माहेरवाशिणी म्हणत. "पोर बाळतपनाला म्हायेरी आली तर तिला कुनी कापतं का, बाई?" मला हे बोलणं एकदम पटे, कारण मीही त्याच दिवसांत पोटुशा पोरींच्या मागे चिखल तुडवत असे. या माद्या जिथे थांबत तो एक डोह होता, धबधब्याच्या पायाशी, करवंदीच्या जाळीआड. पाणी दाखवणं हा ज्याचा धंदा त्याने तो एवढा डोह कुणाला दाखवला नव्हता. मला दाखवला, तोही "तुमी सुईन म्हनून" असं बजावून.

आणि माझ्यानंतर दाखवला रावसाहेबांना.

रावसाहेब हे रस्त्याचे ठेकेदार. मुळशीच्या पुढे रस्ता वाढवायचं काम त्यांच्याकडे होतं. गोड बोलणं, आवाज कधी चढायचा नाही. मास्तर वाटेल तसे तोंड सोडत आणि रावसाहेब हसून "चुकलं मास्तर" म्हणत. एका उन्हाळ्यात त्यांच्या गळाला भरल्या पोटाची मादी लागली. मास्तरांनी तोंड उघडायच्या आत रावसाहेबांनी ती अलगद सोडवली आणि पाण्यात सोडून दिली. झालं! मास्तर विरघळले. महिनाभर ज्याला त्याला तीच गोष्ट. मी एकदा म्हटलं, "मास्तर, जो माणूस कधीच चिडत नाही त्याची मला धास्ती वाटते." तर माझ्यावरच भडकले, "तुमाला समद्यांत खोट दिसती!" त्याच उन्हाळ्यात ते रावसाहेबांना करवंदीच्या जाळीआड घेऊन गेले. मानाच्या पाहुण्याला देवघर दाखवावं तसा त्यांनी तो डोह दाखवला.

पुढच्या आषाढात एका दुपारी मला बंगल्यावरून बोलावणं आलं. रस्त्यावरच्या एका मजुराच्या हाताला इजा झाली होती. पडवीत तो कण्हत बसला होता. दोन बोटं गेलेली. पट्टी बांधताना विचारलं, खडी फोडताना का रे? तो म्हणाला, "न्हाई बाई. वरच्या डोव्हात सुरुंगाचा बार उडवला. हातात उडाला."

आत रावसाहेबांचा आखाड चालला होता. श्रावण लागायच्या आधी खाऊन घ्यावं म्हणून पुण्याची मंडळी जमली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. घमेल्यांत खडश्या रचल्या होत्या, पोटं चिरलेल्या, आणि तव्यावर त्यांच्या अंड्यांची गाभोळी तळली जात होती.

तेवढ्यात मास्तर आले. खालच्या पाण्यात मेलेली पिल्लं वाहत आलेली बघून ते ओढ्याने वर गेले होते आणि तिथून तसेच चिंब धावत आले होते. घमेल्यांपाशी उभे राहिले. मी मनात म्हटलं, आता हा माणूस बंगला डोक्यावर घेणार. घ्यावाच.

"या मास्तर," रावसाहेब पानावरून म्हणाले, "बसा. गाभोळी गरम आहे."

"रावसाहेब," मास्तरांचा आवाज अगदी बारीक झाला होता, "ह्या म्हायेरी आल्या हुत्या."

रावसाहेब हसले. तेच गोड हसणं. "अहो, मासे आहेत ते. आणि चिडता कशाला? जागा तर तुम्हीच दाखवलीत."

आयुष्यभर ज्या माणसाकडे प्रत्येकाला उत्तर होतं, तो वळला आणि पायऱ्या उतरून गेला. मग मी तोंड सोडलं. बाहेर एका गरिबाची बोटं गेलीत आणि तुम्ही बोटं चाटताय, असं पंगतीसमोर म्हटलं. "बाई, तुम्हीही जेवून जा," रावसाहेब म्हणाले.

त्यानंतर मास्तरांचा राग गेला. लोक म्हणत, म्हातारा सुधारला. पांढरा सदरा चालू लागला, सिगारेट चालू लागली. पाहुणा पाण्यात धपाधपा शिरला तरी मास्तर काठाशी उभे. मला ते बघवेना. एक दिवस मीच त्यांच्यावर तुटून पडले. "मास्तर, भांडा की कुणाशी तरी!"

"कुनाशी भांडू, बाई? वाट मीच दावली."

पुढचा आषाढ डोह रिकामा गेला. त्याच्या पुढचाही. मास्तर दिवसचे दिवस त्या दगडावर घोंगडी पांघरून बसत, पेटी न उघडता. येताना दवाखान्याशी थांबत आणि मी विचारायच्या आत नकाराची मान हलवत.

तिसऱ्या वर्षी दवाखान्याच्या दारात एकदम आरडाओरडा ऐकू आला. कुणी वाटेत बैलगाडी सोडली म्हणून कुणीतरी गाडीवानाच्या सात पिढ्या उद्धरत होतं. तो आवाज ऐकून मी हातातलं काम टाकून धावले.

"काय बगताय? चला लवकर!" मास्तर माझ्यावर खेकसले.

"कुणाचे दिवस भरलेत?"

"चला म्हनतो ना!"

भर पावसात ते पुढे आणि मी मागे. जाळीआडून पाहिलं तर धबधब्याखालचं पाणी हलत होतं. एक मोठी मादी उसळली, खडकावर आपटली, पुन्हा उसळली. तिच्यामागे आणखी एक. मास्तर तिला शिव्या घालत होते. "अगं डाव्या अंगानं जा, डाव्या अंगानं! अक्कल हाय का न्हाई?" आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग माझ्याकडे वळून बोट रोखलं. "कुनाला बोललात तर याद राखा. माज्या पोराला बी न्हाई सांगितलं."

त्या हिवाळ्यात ते पौडला गेले ते परत आले नाहीत. तापाने गेले. मला कळलं तेव्हा दफन होऊन गेलेलं होतं.

रावसाहेबांचा रस्ता पूर्ण झाला आणि त्याच्यावरून मोटारी येऊ लागल्या. एका आषाढात दवाखान्यासमोर एक मोटार थांबली. त्यातून एक तरुण उतरला, हातात भारी विलायती काठी, अंगात पांढरा सदरा. वाईट नसेलही बिचारा. फार अदबीने म्हणाला, "बाई, वर कुठेतरी मोठ्या खडशीचा डोह आहे म्हणतात. वाट सांगाल का?" आणि गोड हसला.

"या ओढ्यांत मासा उरलेला नाही," मी म्हटलं. तो तरीही हसतच उभा राहिला, तेव्हा माझा आवाज आपोआप चढला. "आणि हा असला सदरा घालून? मासे धरायला आलायस का वरातीला?"

तो लालबुंद झाला. मोटार वळली आणि पुण्याच्या दिशेने गेली. ती पार दिसेनाशी होईपर्यंत मी वाटेत उभी राहिले.