कलम तीन

मंगल कोळेकरचं चित्त चार दिवस थाऱ्यावर नव्हतं. तव्यावर भाकरी करपत होती, शेरडं दुसऱ्याच्या रानात शिरत होती. माण तालुक्यातल्या त्यांच्या वस्तीवरची शाळा बंद करून सातही पोरांना ओढ्यापलीकडच्या शाळेत घालायचा आदेश आला होता. तिची लेक क्रांती दुसरीत होती.

मंगलनं साताऱ्याच्या शिक्षण कार्यालयाला दोन अर्ज दिले. 'गरिबांच्या लेकरांवर अन्याय करू नका, हात जोडून विनंती.' दोन्हींना उत्तर एकच: 'आदेश नियमानुसार आहे.'

"आवं नाथाजीआण्णा, ह्यो नियम तरी काय हाय?" तिनं शेजारच्या निवृत्त सुभेदारांना विचारलं.

"आदेश सगळा वाचलास का?"

वाचला नव्हता. पहिल्याच ओळीला रडू फुटलं होतं. बारावी शिकलेल्या मंगलला लाज वाटली. बसून वाचवेना, म्हणून अंगणात फेऱ्या मारत चारही पानं वाचली. कलम तीनपाशी पाय थांबले: 'पर्यायी शाळेस बारमाही रस्ता असल्यासच शाळा बंद करावी.'

पावसात ओढा रस्ता अडवतो, हे वस्तीला ठाऊक. पण साहेब तिच्या तोंडाकडं बघून थोडंच मानणार? ग्रामपंचायतीत तीन हेलपाटे घातल्यावर पुलाच्या मागणीच्या जुन्या ठरावाची नक्कल मिळाली. त्यात होतं: 'ओढ्यास पाणी आल्याने रस्ता सहा दिवस बंद होता.'

तिसरा अर्ज तिनं पाचदा फाडला. दर खेपेला हात जोडणं मधे घुसायचंच. शेवटी कलम तीन जसंच्या तसं, खाली ठरावातलं वाक्य जसंच्या तसं, आणि तिचं एकच: 'म्हणून हा आदेश आमच्या शाळेला लागू होत नाही.'

साताऱ्याच्या एसटीत ती तो कागद सारखा काढून बघत होती.

"अगं, घडीवर फाटंल त्यो," सोबत आलेले नाथाजी वैतागले.

"बाई, तुमच्या भावना समजतात," कार्यालयातले साहेब अर्ज हातात घेत म्हणाले.

"भावना न्हाईत सायेब. दुसरी ओळ वाचा."

त्यांनी वाचली. मूळ आदेश मागवून ताडून पाहिला. "पण हा ठराव पुलासाठी आहे, शाळेसाठी नाही."

मंगलनं ठरावाच्या तारखेवर बोट ठेवलं. मग ती म्हणाली, "म्हणूनच खरा धरा. तवा शाळेचा इषयच न्हवता. आमच्या सोयीचं कशापायी कोण लिहील?"

साहेबांनी ठरावाची नक्कल अर्जाला टाचली.

आठवड्यानं स्थगितीचं पत्र आलं. वस्तीवर पेढे वाटले. मंगलनं मात्र 'पुढील आदेशापर्यंत' या दोन शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ ओढली, आणि पूल झाला तर रस्ता बारमाही ठरेल हे ध्यानात येऊन त्या पुलाचं काय झालं ते विचारायला सरपंचांच्या घराकडं निघाली.