सावडीचा गडी

माझा भाऊ फुटबॉल खेळायचा पगार घेत असे. आज हे कुणाला सांगितलं तर त्यात नवल वाटायचं नाही, पण त्या काळी मुळशीत, आमच्या वस्तीवर, हे सांगायची सोय नव्हती. "पाय मारायचा पगार व्हय?" म्हणून बायका पदराआड हसायच्या. विहिरीवर कुणी विचारलं की तुझा भाऊ मुंबईत काय करतो, तर गिरणीत आहे एवढंच मी सांगायची. ते काही खोटं नव्हतं. गिरणीच्या हजेरीबुकात तो फिटर होता. पाना कसा धरायचा हे मात्र त्याला शेवटपर्यंत धड आलं नाही.

आम्ही मूळचे गोव्याचे, ख्रिस्ती. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं, म्हणजे आम्ही परमुलखातलेच म्हणायचे. वडील धरणावरच्या बंगल्यात साहेबांचे आचारी होते. साहेब बदलले तरी वडील तिथेच राहिले, आणि आम्ही दोघं भावंडं बंगल्यामागच्या खोलीत वाढलो. पुढे गोव्याची हद्द बंद झाली. वडिलांना त्यांच्या आईच्या मातीलासुद्धा जाता आलं नाही. त्यानंतर ते फारसं बोलेनासे झाले आणि दोन वर्षांत गेले. आचारीच गेला म्हटल्यावर खोली कोण ठेवतो? महिन्याच्या आत आमची भांडीकुंडी बाहेर आली.

तेव्हा आबांनी आम्हाला जागा दिली. आबा म्हणजे पलीकडच्या वस्तीवरचे शेतकरी, साठी ओलांडलेले, बोलायला फटकळ. त्यांचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. "आमालाबी येकदा उठिवलंच की," एवढंच ते म्हणाले, आणि गोठ्याशेजारी आम्हाला कुडाचं घर बांधू दिलं. वर भाताची दोन खाचरं वाट्यानं करायला दिली. वस्तीवर आमच्या घराला गोवेकराचं घर म्हणायला लागले. मायला, म्हणजे आमच्या आईला, दमा होता. तिला चार पावलं चाललं की धाप लागायची. त्यामुळे त्या घरात काम करणारी म्हणजे मी एकटी.

दादा तेव्हा मुंबईला लागलेला होता. त्याचा खेळ सुरू झाला तो मुळशीतच, भात कापून झालेल्या खाचरात. चिंध्यांचा चेंडू, अनवाणी पाय आणि खाली भाताची धसकटं. संध्याकाळी घरी आला की माय त्याच्या तळव्यांना खोबरेल लावायची आणि लावता लावता बडबडायची. पुढे वडिलांनी त्याला पुण्याला मिशनच्या वसतिगृहात ठेवलं. तिथे त्याच्या पायात पहिल्यांदा बूट आले, आणि मॅट्रिकला नापास व्हायच्या आधीच मुंबईच्या एका गिरणीच्या माणसानं त्याला हेरलं.

गिरणीची रीत अशी, की सकाळी हजेरी लावायची, दोन तास खात्यात उभं राहायचं, मग मैदानावर जायचं. राहायचा तो गोवेकरांच्या कुडीत. कूड म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली मोठी खोली. भिंतीलगत ओळीनं पेट्या, आणि पेटीशेजारी ज्याची त्याची पथारी. उजव्या बगलेला दादासारखा पळणारा दुसरा कुणी नाही, असं वर्तमानपत्रात दोनदा छापून आलं होतं. ती कात्रणं माय बायबलात ठेवायची. पण नोकरी होती ती पायावर. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या गोलकीपरचा घोटा मोडला तेव्हा हंगाम संपता संपता गिरणीनं त्याला हार घातला, हातात नारळ दिला आणि घरी पाठवलं. ते पाहिल्यापासून दादा एसटीत चढतानासुद्धा आधी गुडघ्यावर हात ठेवायचा.

आता सावडीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. लावणीच्या दिवसांत सगळ्यांचीच खाचरं एकदम भरतात, मग मजूर आणायचा कुठून? म्हणून आज दहा घरं मिळून तुमच्या खाचरात उतरतात, उद्या तुम्ही त्यांच्या. चिखलणीला औतामागं गडी आणि लावणीला बाई, असं प्रत्येक घरानं द्यायचं. पहिल्या वर्षी अख्खी वस्ती आमच्या खाचरात उतरली. एका दिवसात दोन्ही खाचरं हिरवी झाली, आणि माय दारात बसून रडली. मी मग आठ दिवस इरलं पाठीवर घेऊन सगळ्यांच्या लावणीला गेले. गडी मात्र आमच्याकडून गेला नाही. मुंबईत फुटबॉलचा हंगाम पावसाळ्यातला, आणि भाताचाही पावसाळ्यातलाच.

दुसऱ्या वर्षीही तेच. आबांच्या खाचरात आम्ही बायका ओळीनं वाकलो होतो आणि पलीकडे पुरुष चिखल करत होते. कुणीतरी म्हणालं, "गोवेकराचा गडी ममईत चेंडू तुडिवतोय, अन् चिखुल तुडवायला आमचं बैल हायेत." सगळ्या हसल्या. आबांची म्हातारी, जिला मी काकी म्हणायची, तीही हसली. मीही हसले. पण आतून अशी पेटले म्हणता! माझा राग तेव्हाही नाकावरच असायचा. डोक्यात एकच बसलं, की आम्ही बाहेरचे आहोत, घेताना पुढे आणि देताना मागे, असं हे लोक समजतात. पुढच्या साली आमच्या खाचरात कुणी उतरलं नाही तर खायचं काय, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

त्याच दुपारी मी दादाला पत्र लिहिलं. आबांचा निरोप आहे, असं लिहिलं. सावडीला आपल्या घरचा गडी पाहिजे, वस्तीची मागणी आहे, एक दिवस तरी ये, नाहीतर पुढच्या साली आपल्याकडे कुणी यायचं नाही. आबांनी असा निरोप दिलेला नव्हता. कुणीच दिलेला नव्हता. आबांचं घर आमच्यापासून वीस पावलांवर. जाऊन विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण रीत काय आहे असं विचारलं, की तुम्ही इथले नाही हे पुन्हा उघडं पडतं. त्या लाजेपायी मी विचारलं नाही.

दादा गुरुवारी संध्याकाळी आला. पौडच्या पुढे एसटी अडकली म्हणून उरलेली वाट चालत. रविवारी त्यांचा उपांत्य सामना होता, आणि तो गिरणीत आई सीरियस आहे असं सांगून आला होता. माय चुलीपुढून उठली आणि त्याच्यावर कडाडली. मी मरायच्या आधीच मला मारतोस का, म्हणाली. तो हसला. "आबांनी बोलावलंय माय, उगाच नाही आलो," म्हणाला. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी त्याच्यापुढे भाकरी ठेवली.

शुक्रवारी आबांच्या भावकीतल्या एकाच्या खाचरात चिखलणी होती. दादाला पाहून सगळे खूष झाले. "आरं, पावनं आलं की," असं म्हणून त्याला फळीवर उभं केलं. चिखल सारखा करायला बैलांमागे जड फळी बांधतात आणि वजनासाठी गडी तिच्यावर उभा राहतो. बैल ओढतात, फळी घसरत जाते. सवयीच्या माणसाला त्यात काही वाटत नाही. "उडू नगं, दाबून उभा ऱ्हा," आबा बांधावरून ओरडत होते. दादानं चार फेऱ्या मारल्या. त्याचा तोल इतका चांगला होता की बायका लावणी सोडून बघत राहिल्या, आणि खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, बघा आमचा गडी.

पाचव्या फेरीला बैल बांधाजवळ वळले आणि फळी तिरकी झाली. दादाचा उजवा पाय घसरून फळी आणि बांध यांच्यामध्ये गेला. पाऊल चिखलात रुतलेलं, बैल पुढे ओढतायत. आबांनी धावत येऊन बैल धरले, पण तोवर गुडघा फिरला होता. दादा चिखलात बसून राहिला, मग उठला आणि पुन्हा फळीवर चढला. आबा नको म्हणत होते तरी त्यानं ते खाचर पुरं केलं.

संध्याकाळपर्यंत गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली. मायनं आंबेहळदीचा लेप घातला. मी म्हटलं, "परवा खेळू नकोस." तो म्हणाला, "आई सीरियस आहे सांगून आलोय बाय. आता लंगडत जाऊन काय सांगू, बैलामागं होतो म्हणून? गिरणी या पायाचा पगार देते. दुसऱ्याच्या शेतात मोडला म्हटलं तर उद्याच काढतील." मैदानावर मोडला तर निदान हंगामभर ठेवतील, हे तो बोलला नाही. ते मला पुढे कळलं.

रविवारी तो पट्टी बांधून खेळला. मध्यंतरानंतर वळताना गुडघा पुरता गेला. स्ट्रेचरवरून नेला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं कुडीतल्या त्याच्या सोबत्यानं पत्रात लिहिलं होतं. ते पत्र मी मायला वाचून दाखवलं, आणि वाचताना टाळ्यांचं तेवढं दोनदा वाचलं. दुसरं चांगलं त्यात काही नव्हतंच.

गिरणी ठरल्यासारखी वागली. हंगाम संपेपर्यंत नाव हजेरीबुकात राहिलं. दिवाळीच्या सुमाराला दादा पेटी घेऊन परत आला. कंडक्टरनं पेटी उतरवून दिली, कारण त्याच्या एका हातात काठी होती. पेटीत बूट होते, सुकलेला हार होता आणि नारळ. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. मायनं दुसऱ्या दिवशी तो नारळ फोडला आणि धरणातल्या माशांच्या कालवणाला वाटून घातला. आम्ही तिघं ते जेवलो.

त्यानंतर महिनाभरानं झोडणी चालू होती. मी खळ्यावर आबांच्या शेजारी पेंढ्या बांधत होते. दादा आमच्या दारात पाय लांब करून बसलेला तिथून दिसत होता. आबा त्याच्याकडे बघत म्हणाले, "पोरगा उगा आला त्या वक्ताला."

मी म्हटलं, "सावडीला यायला नको?"

"त्येला कशाला यायला पायजे? ज्या घरात गडी मानूस हजर न्हाई, त्या घराला गडी मागत न्हाईत. बाईवर भागतं. तू आठ आठ दिस राबत व्हतीस की. लई जुनी रीत हाय ही, कुनालाबी इचार."

माझे हात तिथेच थांबले. मी कसंबसं विचारलं, "मग त्या दिवशी बायका बोलल्या ते?"

"आगं, बायका कुनाला सोडत्यात? माझी म्हातारी मला सोडत न्हाई." आबांनी पेंढी आपटली. "आमाला वाटलं, पोरगा हौसंनं आलाय. का तू बलावलं व्हतंस?"

"नाही," मी म्हटलं.

एवढा एक शब्द. आजही त्या शब्दाची मला किळस येते. करायला गेले एक आणि झालं एक, असं म्हणून माणूस सुटतो म्हणतात. मी सुटले नाही. त्या दिवशी घरी जाऊन दादाला सांगायचं असं दहादा ठरवलं. दारात पोचले तर तो काठीनं जमिनीवर रेघा ओढत होता, आणि मला बघून म्हणाला, "आबांचं भात झोडून झालं का? उद्यापासून मी बसून पेंढ्या बांधीन. गडी आहे ना मी." मी आत निघून गेले.

पुढे त्याला धरणाच्या कॉलनीत फाटकावर वॉचमनची नोकरी मिळाली. बसून करायची. गोवा सुटला, हद्द उघडली, कुडीतले लोक गावी जाऊन आले. माय म्हणाली, एकदा जाऊन येऊ. दादा म्हणाला, "तिथं आपलं कोण आहे? आपलं गाव हे." तो कधी चिडला नाही, नशिबाला बोल लावला नाही. लंगडण्याबद्दल कुणी विचारलं की ताठ बसून सांगायचा, "वस्तीनं सावडीला बोलावलं. गिरणीला नाही म्हणता येतं, गावाला नाही म्हणता येत नाही." हे सांगताना तो जितका खूष दिसायचा, तितका मी त्याला कात्रणं वाचतानाही पाहिलेला नाही.

एकदा कॉलनीतले एक नवे इंजिनियर आमच्याकडे आले. त्यांना फुटबॉलचं वेड, आणि दादाबद्दल त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. आबाही ओट्यावर बसलेले होते. आता डोळ्यांना कमी दिसायचं, पण कान शाबूत. दादानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. धसकटं, गिरणी, वर्तमानपत्र, आणि मग फळी. इंजिनियर हळहळले. म्हणाले, "अहो, एका दिवसाच्या कामासाठी एवढं करियर घालवलंत?"

दादा म्हणाला, "साधं काम नव्हतं ते. आबांनी माणूस समजून निरोप धाडला होता. आम्ही उपरे, आम्हाला कोण बोलावतं? खरं ना आबा? तुम्हीच निरोप धाडला होता ना?"

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. आबांनी मान वर केली आणि जिथे मी उभी होते तिकडे तोंड वळवलं.

"व्हय," मग आबा म्हणाले. "मीच धाडला व्हता."

दादानं इंजिनियरांकडे बघून मान डोलावली. मी पुढे होऊन तिघांना चहा दिला.