तेराव्या वाढदिवसानंतरचा इनहेलर

"हा लहानपणीचा दमा नाही. हा आत्ताचा आहे," फुप्फुसांच्या डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर उतरत गेलेली एक रेघ होती. ही तपासणी मी स्वतः मागून घेतली होती.

सैन्यात जाऊ पाहणाऱ्या आणि छातीतलं काहीतरी लपवणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे.

मी बावीस वर्षांची. जन्म नागपूरचा, सहाव्या वर्षापासून अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये. बाबांनी मला मराठी वाचायला शिकवलं ते दलित चळवळीच्या पत्रकांवर. इंग्रजांनी आमच्या लोकांची सैन्यभरती बंद केली तेव्हा निवृत्त सुभेदारांनी दार उघडा म्हणून अर्ज केले, हे मी तिथेच वाचलं. तेव्हाच ठरवलं, आता दार उघडं आहे तर मी जाणार. कोणाचं सैन्य, कुठल्या युद्धासाठी, यावरून बाबांशी कडाक्याची भांडणं झाली. मी हटले नाही.

भरतीच्या फॉर्मवर प्रश्न होता: तेराव्या वाढदिवसानंतर दमा किंवा इनहेलर?

इथल्या कागदांत माझा दमा अकराव्या वर्षीच संपतो, कारण त्यानंतर आम्ही डॉक्टरकडे गेलोच नाही. आईची मोठी बहीण, सुमनमावशी, नागपूरहून येणाऱ्याच्या हाती इनहेलर पाठवायची, मोज्यांत गुंडाळून. ना चिठ्ठी, ना नोंद. बर्फात स्कूल बसची वाट पाहताना सतराव्या वर्षापर्यंत मी तेच ओढत होते.

"कुठे नोंद आहे का?" आईने विचारलं.

"नाही."

"मग तू 'हो' कशाला म्हणतेस?"

"आई, खाली सही करायची असते."

"आली मोठी पत्रकवाली!"

मी 'हो'वर खूण केली. तपासणी केंद्रातल्या डॉक्टरांनी मला 'डिसक्वालिफाइड', म्हणजे अपात्र ठरवलं. मग उरला वेव्हर, म्हणजे आजार असूनही नियमातून सूट मागण्याचा अर्ज. त्यासाठी जुन्या उपचारांचे कागद हवे होते, ते नव्हतेच. म्हणून मी मेथाकोलीन चॅलेंज ही तपासणी मागितली. यात श्वासनळ्या आवळणारं औषध वाढत्या मात्रेत श्वासावाटे घ्यायला देतात आणि दर वेळी नळीत जोरात फुंकायला लावतात. निरोगी छाती तग धरते.

तारीख मिळायला तीन आठवडे लागले. वेटिंग रूममध्ये आई शेजारी बसली होती.

तिसऱ्या मात्रेपर्यंत मी मजेत होते. चौथीनंतर श्वास सोडताना छातीतून बारीक शिट्टी आली. ती माझ्या ओळखीची होती. फोनवर मावशी दोन वाक्यांच्या मध्ये थांबायची, तेव्हा तीच ऐकू यायची.

मावशीलाही दमा होता. मी सतरा वर्षांची असताना ती त्यातच गेली. तिच्या उशाशी रिकामा इनहेलर सापडला. कपाटात दोन नवे होते, मोज्यांत गुंडाळलेले, माझ्यासाठी.

त्या दिवसापासून मी इनहेलरला हात लावला नाही. घरच्यांना वाटलं, पोरगी बरी झाली. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. जिना चढताना धाप लागली की मी बुटाची नाडी बांधायला वाकायचे.

टेक्निशियनने लगेच श्वासनळ्या सैल करणारं औषध दिलं. छाती मोकळी झाली. शिट्टी मला अजूनही ऐकू येते, कधी भर मीटिंगमध्ये, कधी भाजी निवडताना.

मी रिपोर्टसोबत नागपूरच्या इनहेलरांची सगळी हकिकत लिहून पाठवली. वेव्हर नाकारला गेला. पत्र दोन ओळींचं होतं.

फुप्फुसांच्या डॉक्टरांनी मात्र मला सोडलं नाही. त्यांची मी ऋणी आहे. "हा रोजचा इनहेलर. त्रास होवो न होवो, घ्यायचाच. आतली सूज यानेच कमी राहते," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं आम्ही दोघी, मावशी आणि मी, फक्त झटका आल्यावरचं औषध ओढत होतो, हे मला तेव्हा कळलं.

तुम्ही 'हो'वरच खूण करा. दार बंद होऊ शकतं, माझं झालं. ते दुःख कमी आहे असं मी म्हणणार नाही.

परवा आई म्हणाली, "गप्प बसली असतीस तर आत्ता ट्रेनिंगला असतीस."

"हो," मी म्हणाले. "आणि एक दिवस तुला फोन आला असता."

मी नुकताच रोजचा इनहेलर घेतला होता. या इनहेलरनंतर चूळ भरायची असते. आईने उठून पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.